बद्द आणि खणखणीत

आई-वडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले की आईचं फारसं अडत नाही. तिला नातू मिळतो, ओटा मिळतो, माझे मसाल्याचे डबे स्वतःच्या मनासारखे लावायला मिळतात. वडिलांचं काय करायचं हा खरा प्रश्न. फिलाडेल्फियाच्या उपनगरातल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात तो मे महिन्यात उगवतो आणि दिवाळीपर्यंत सोफ्यावर बसून असतो.

अण्णांनी नाशिकच्या भांडीबाजारात ४२ वर्षं दुकान चालवलं. इथे आल्यावर पहिला आठवडा त्यांनी खिडकीतून गाड्या मोजल्या, दुसऱ्या आठवड्यात आमच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांची हजेरी घेतली. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना गॅरेजमध्ये पकडलं. पुनर्वापराच्या कचऱ्याच्या निळ्या डब्यातून कोल्ड्रिंकचे रिकामे कॅन काढून एकेक हातावर तोलून बघत होते.

"एवढी ॲल्युमिनियमची मोड तुम्ही दर आठवड्याला फुकट देता?"

त्यांचं मन गुंतावं म्हणून मी चिल्लरची बरणी त्यांच्यापुढे ठेवली. अशी बरणी इथे घरोघरी असते. लेबलवरच्या किमतीवर विक्रीकर काउंटरवर चढतो, त्यामुळे ४.९९ डॉलरची वस्तू आमच्याकडे ५.२९ ला पडते आणि रोखीने पैसे देणाऱ्याच्या हातात सुटे सेंट येतात. त्यातल्या एका सेंटच्या तांबूस नाण्याला पेनी म्हणतात. ती कोणी खर्च करत नाही, कोणी फेकतही नाही. बरणीत टाकतात. आमची बरणी नऊ वर्षांची होती, लोणच्याच्या बरणीएवढी.

अर्ध्या तासाने ओट्यावरून आवाज यायला लागला. टण्ण. टण्ण. थप्. टण्ण. थप्, थप्.

"अगं, इकडे ये. हा एक माल नाही. दोन आहेत." त्यांनी एक पेनी चार बोटं उंचीवरून ग्रॅनाइटवर सोडली. खणखणीत वाजली. दुसरी सोडली. "ही बद्द. फुटक्या कळशीसारखी. एकात तांबं आहे, दुसरीत फक्त वरून पाणी दिलंय."

मी अमेरिकेत इतकी वर्षं राहते, पण हे मला माहीत नव्हतं. फोनवर शोधलं, तर माणूस तंतोतंत बरोबर! १९८२ पर्यंत पेनीत ९५ टक्के तांबं असायचं, वजन ३.११ ग्रॅम. तांबं महाग होत गेलं, तेव्हा १९८२ सालीच मध्येच सरकारने माल बदलला. आत जस्त, वर तांब्याचा पातळ मुलामा, वजन अडीच ग्रॅम. दिसायला जुळी भावंडं. कोणत्याही दुकानात दोन्हींचा भाव एकच सेंट. पण २०२५ च्या त्या उन्हाळ्यात जुन्या पेनीतलं तांबंच तीन सेंटच्या आसपास भरत होतं. अशा जुन्या पेन्या बँकेतून आणून निवडणारी एक जमातच या देशात आहे. रात्र रात्र जेवणाच्या टेबलावर बसून माणसं चिल्लर चाळतात. अण्णांना मी हे वाचून दाखवलं, तर त्यांच्या डोळ्यांत दुकान उघडल्यासारखा उजेड पडला.

"बँक किती वाजता उघडते?"

बँकेत पेन्या कागदी नळीत मिळायच्या, एका नळीत ५०. अशा ५० नळ्यांची एक पेटी, म्हणजे २५०० पेन्या, २५ डॉलर. ही पेटी आकाराने विटेएवढी दिसते आणि सहा किलोंहून जास्त भरते. काउंटरवरच्या मुलीने मला दोनदा विचारलं, "पूर्ण पेटी? पेन्यांची?" अण्णांनी पेटी दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली आणि गाडीपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

मग आमच्या घरी नेम सुरू झाला. रात्री भांडी आवरली की टेबलावर जुनी चादर. नातू नळ्या फोडणार, मी साल बघणार, अण्णा वाजवणार. सुरुवातीला मी म्हटलं, साल छापलेलं असताना वाजवायचं कशाला? पण २५०० नाण्यांवरचे ते बारीक आकडे वाचून बघा. पन्नासाव्या नाण्याला डोळ्यांतून पाणी येतं. अण्णा आकडा न बघता मूठभर पेन्या एकेक करून सोडत जायचे आणि डावी-उजवीकडे सारायचे. पहिल्या पेटीत ४६३ तांब्याच्या निघाल्या. मी नंतर साल बघून तपासलं, त्यांच्या दोन चुकल्या होत्या. त्या दोन्ही त्यांनी परत वाजवल्या आणि दोष ग्रॅनाइटला दिला.

निवडून उरलेल्या पेन्या परत करायच्या, हे काम कंटाळवाणं. जिथून घेतल्या तिथेच भरल्या तर आठवड्याने आपल्याच चाळलेल्या नळ्या परत आपल्या पदरात पडायच्या. म्हणून या नादातले लोक एका बँकेतून घेतात आणि दुसरीत भरतात. अण्णा म्हणाले, "स्नान एका घाटावर, विसर्जन दुसऱ्या." एका बँकेने सुट्या पेन्या घ्यायला सरळ नकार दिला. नळीत भरून आणा म्हणे. दोन रात्री आम्ही जस्ताच्या पेन्या कागदात गुंडाळत बसलो. आई म्हणाली, यापेक्षा वाती वळल्या असत्या तर चार महिने पुरल्या असत्या.

एक गोष्ट मात्र लवकर समजली. यंत्राने बांधलेल्या नळ्यांपेक्षा कोणा म्हाताऱ्या-कोताऱ्याने हाताने वळलेल्या नळ्या चांगल्या. त्यात कुणाच्या तरी माळ्यावरची बरणी रिकामी झालेली असते. कागद पिवळा, कडा चुरगळलेल्या, कधी पेनाने लिहिलेलं '५०'. अशाच एका नळीतून पहिली ओंबीवाली निघाली.

हे नाव अण्णांचं. १९०९ ते १९५८ पर्यंतच्या पेनीवर एका बाजूला लिंकनचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या असत. १९५९ पासून ओंब्या जाऊन लिंकनचं स्मारक आलं. त्या स्मारकाच्या खांबांमध्ये बसलेला मोहरीएवढा लिंकनसुद्धा आहे, नातवाने भिंगातून शोधला. आमच्या पहिल्या ओंबीवालीवर साल होतं १९४४.

१९४४ बद्दल मी वाचून दाखवलं. युद्धात तांबं तोफांच्या आणि बंदुकांच्या काडतुसांना लागत होतं, म्हणून १९४३ साली अमेरिकेने पेनी चक्क पोलादाची काढली, वर जस्ताचा थर देऊन. लोकांना ती पांढरी पेनी आवडली नाही. दुसऱ्या वर्षी तांबं परत आलं, आणि त्यासाठी झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्याही वितळवल्या. "म्हणजे सरकारनेच मोड घेतली," अण्णा म्हणाले. ती पेनी त्यांनी बराच वेळ बोटांत फिरवली. त्यांच्या आईकडे, म्हणजे माझ्या आजीकडे, त्याच युद्धाच्या काळातला भोकाचा पैसा होता. इंग्रज सरकारनेही तांबं वाचवायला १९४३ पासून पैशाला मधोमध भोक पाडलं होतं. आजीने तो धाकट्या काकांच्या करदोट्यात ओवला होता. लिंकनला भोक नाही पाडता येत, अण्णा म्हणाले, चेहरा मध्ये येतो.

पोलादाची पेनी मिळाली ती बँकेत नाही, तर किराणा दुकानात. तिथे चिल्लर मोजून घेणारं यंत्र असतं. त्याला न पटलेली नाणी खालच्या ताटलीत पडतात आणि लोक ती तशीच सोडून जातात. अण्णा दुकानात शिरले की भाजीकडे वळायच्या आधी ती ताटली बोटाने चाचपायचे. मला लाज वाटायची. एकदा तीत कॅनडाची राणी सापडली, एकदा कपड्याचं बटण, आणि जुलैमध्ये एक काळपट, हलकी पेनी, साल १९४३. घरी येऊन फ्रिजवरचं साईबाबांचं मॅग्नेट लावलं. टच्चकन चिकटली. अण्णांनी निकाल दिला, "लोखंडाला जस्त. ही पेनी नाही, बादली आहे."

आमची सर्वांत जुनी निघाली १९१७ ची. लिंकनचं नाक झिजून गेलेलं, ओंब्या जेमतेम. या नादातल्या लोकांचं स्वप्न असतं १९०९ ची, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची, खाली व्ही. डी. बी. ही अक्षरं असलेली पेनी. तशा ४,८४,००० च पडल्या. ही अक्षरं नाणं घडवणाऱ्या व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची. लिथुएनियातून आलेला शिल्पकार. लिंकनच्या जन्मशताब्दीच्या नाण्यावर त्याने आपली आद्याक्षरं तळाला घातली, तर लोकांनी एवढा आरडाओरडा केला की काही दिवसांतच ती काढून टाकली. १९१८ मध्ये परत आली, पण लिंकनच्या खांद्याखाली, मुंगीएवढी. हे ऐकून अण्णा हसत सुटले. आयुष्यभर त्यांनी भांड्यांवर नावं घातली. चि. सौ. कां. अमुक हिस तमुककडून सप्रेम भेट. "आम्ही गिऱ्हाइकाचं नाव फुकट घालून द्यायचो. या पठ्ठ्याने स्वतःचंच घातलं."

खरी गंमत १९८२ च्या पेन्यांची. त्या वर्षी दोन्ही माल निघाले, त्यामुळे साल बघून उपयोग नाही. मी सोनारासारखा छोटा काटा ऑनलाइन मागवला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. अण्णांना तो अपमान वाटला. आधी ते वाजवून सांगायचे, मग मी तोलायचे. झिजलेली, मळ बसलेली पेनी असली की कान फसतो. मळाने तांबंही बद्द वाजतं. तेव्हा ते चुकायचे आणि काट्याकडे असं बघायचे की काट्यानेच लबाडी केली.

आता हिशेब. व्यापारी माणसाच्या डोक्यात तो पहिल्या रात्रीच आला होता. एक सेंटला घ्यायचं, तीन सेंटचं तांबं, वितळवायचं. मी कायदा वाचून दाखवला. पेनी वितळवायला डिसेंबर २००६ पासून बंदी आहे. दहा हजार डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद. देशाबाहेर जाताना माणसाने जवळ पाच डॉलरपर्यंतच्या पेन्या नेल्या तर चालतात. अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "पाच डॉलर म्हणजे पाचशे नग." एवढंच.

गणपतीत कलशात नाणं घालायची वेळ आली, तेव्हा मी हाताला आलेली पेनी टाकली. ओट्याशी उभ्या अण्णांनी कलशातला तो आवाज ऐकला आणि सगळ्यांसमोर कलशात हात घालून ती बाहेर काढली. जस्त देवाला चालत नाही असं कुठे लिहिलंय, ते मला माहीत नाही. १९६८ ची घातली गेली.

सप्टेंबरात बँकेतली तीच मुलगी म्हणाली, पेट्या येत नाहीत. सरकारने पेनी बंद करायचं ठरवलंच होतं. २०२४ मध्ये एक सेंटची पेनी पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता. २०२५ च्या मे महिन्यात टांकसाळीने कोऱ्या चकत्यांची शेवटची ऑर्डर दिली होती. ऑक्टोबरात आमच्या किराणा दुकानात पाटी लागली की शक्यतो सुटे द्या. अण्णांना तो त्यांच्या नोंदवहीचा अपमान वाटला. अकरा पेट्यांच्या नोंदी होत्या तिच्यात. बारावीचं पान आखून कोरं राहिलं.

ऑक्टोबरच्या शेवटी ते परत गेले. बॅगा भरताना त्यांनी पाचशे तांब्याच्या पेन्या तीनदा मोजल्या, एक जास्त नाही. दीड किलोहून थोडं वर. तेवढ्यासाठी आईच्या बॅगेतून बदामाचं एक पाकीट बाहेर आलं. आई विमानतळापर्यंत बोलली नाही.

१२ नोव्हेंबरला इथे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पडली. पहिली १७९३ ला. आमच्या घरापासून ती इमारत गाडीने चाळीस मिनिटांवर आहे. तिथे लोकांना आत जाऊन बघता येतं, फुकट, आणि मी सहा महिन्यांत अण्णांना नेलं नाही. दर शनिवारी पेटी असायची.

बातमी पाठवली तर तासाभराने त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नाशिकला रात्र झालेली. मागे आमचं जुनं देवघर, समोर शहाबादी फरशी, फरशीवर पेन्यांच्या चळती.

"बातमी राहू दे. तू शेवटी भरलेल्या डब्यातल्या तीन बद्द निघाल्या. १९८२ च्या."

"मी तोलून घेतल्या होत्या अण्णा."

"ऐक." त्यांनी फोन फरशीजवळ नेला आणि एक सोडली. फोनमधून मला काहीच फरक कळला नाही. "कळलं? पुढच्या खेपेला येशील तेव्हा तीन चांगल्या घेऊन ये, या परत ने. आणि तो काटा इकडे आणू नकोस."