गोधडी शिकवताना, आखताना आणि लिहिताना : माझा अनुभव

गोधडी शिवता येणे आणि गोधडी शिकवता येणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला पहिल्या वर्गापूर्वीच उमगले होते, कारण वर्गासाठी टिपण काढायला बसल्यावर लिहिण्यासारखे जवळजवळ काहीच सापडेना. आमच्या साताऱ्याकडे वाकळ, म्हणजे गोधडीच, शिवणाऱ्या बायका माप बोटांनी आणि वितीने घेतात. टाक्यांच्या दोन ओळींत किती अंतर ठेवायचे असे विचारले, तर आत्या नुसती दोन बोटे टेकवून दाखवीत असे. मी तिच्या जुन्या वाकळांवर टेप लावून पाहिला, तेव्हा ओळींमधले अंतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा इंचाच्या आसपासच भरले. तिच्या हाताला माप पक्के ठाऊक होते; मात्र तिची बोटे माझ्या विद्यार्थिनींना देता येणार नव्हती आणि प्रत्येकीच्या बोटांची जाडीही सारखी नव्हती. पुढे शिकवणे, नमुने आखणे आणि लेखन अशा तीन वाटांनी जे काही केले, त्याचा बराचसा भाग हाताने ठाऊक असलेल्या गोष्टी, मी शेजारी नसतानाही कुणाला करता येतील अशा रीतीने मांडणे, एवढाच होता.

पुण्यात सुरुवातीच्या वर्गाला येणाऱ्या बहुतेक जणींनी समाजमाध्यमांवर परदेशी क्विल्टची चित्रे पाहिलेली असत आणि त्यांना पहिल्याच दिवशी शिलाई यंत्रावर चौकोन जोडायचे असत. मी त्यांना आधी हाताने धावदोरा घालायला लावते. दोरा हातभर लांब घ्यावा, त्याहून लांब घेतल्यास तो पिळतो आणि गुंततो. टाका साधारण पाव इंचाचा असावा. पाच-सहा थर असले म्हणजे त्याहून बारीक टाक्याचा हट्ट धरू नये, कारण सुई थरांतून सरळ उतरत नाही आणि मागच्या बाजूला टाका सुटतो. हे सगळे सांगायला दहा मिनिटे पुरतात. अंगवळणी पडायला मात्र काही आठवडे लागतात, आणि वर्ग सोडून जाणाऱ्या बहुधा याच काळात सोडतात.

वर्गात सर्वांत जास्त वाद शिवण कुठून सुरू करायची यावर होतो. अमेरिकी पद्धतीच्या पुस्तकांत मधून सुरुवात करून बाहेर जावे असे सांगितलेले असते, म्हणजे वरचे कापड, मधला कापसाचा थर आणि अस्तर यांच्यातली सुरकुती कडेकडे ढकलली जाते. आमच्याकडची बाई कडेपासून निघते आणि चौकटीत चौकट घालत मध्याकडे येते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया, ज्यांच्यापैकी अनेकींचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यातून तिकडे गेले, त्यांची कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, हीदेखील कडेपासूनच सुरू होते. त्या ठिगळांच्या कडा आत दुमडत, एकेक तुकडा लावत आत येतात आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात. दोन्ही पद्धतींमागे कारण आहे. लाकडी चौकट वापरणारीला कापड ताणलेले मिळते, तर जमिनीवर अंथरलेल्या गोधडीवर स्वतःच बसून शिवणारीच्या अंगाच्या वजनाने थर जागचे हलत नाहीत आणि आधी कडा बांधल्या गेल्याने सारा पसारा आवळून राहतो. मी दोन्ही पद्धती शिकवते. परंतु आपल्या आजीची रीत ‘चुकीची’ होती असे कुणी म्हटले, की मी शिवण थांबवून हे कारण पुन्हा समजावते.

नमुने आखण्याकडे मी वळले, ते वर्गातल्या गरजेपोटी. परदेशी नमुन्यांत कापड नवे, एकाच जाडीचे आणि हवे तितके आहे, असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे हाती येते ती जुनी साडी, आणि साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. काठ आणि पदर टिकतात, बसण्याच्या जागचे कापड विरते, टाचेशी घासणारी कड फाटते. म्हणून माझ्या प्रत्येक नमुन्यात रंगांची यादी येण्याआधी कापडाची वर्गवारी येते: धडके कापड वर, मध्यम अस्तराला आणि विरलेले आतल्या थरांत. यामुळे आलेखकागदावरची आखणी बदलते. लांब पट्ट्यांचा नमुना काठांना शोभतो, कारण काठ लांबीत अखंड मिळतो. बारीक त्रिकोणांचा नमुना जुन्या मऊ साडीला शक्यतो टाळावा, कारण कर्णावर कापलेले उरेब कापड शिवतानाच ताणले जाते.

नव्या कापडाच्या नमुन्यासाठी हिशेब करावाच लागतो आणि तो मला आवडतो. शिवून झाल्यावर ४ इंचांचा चौकोन हवा असेल, तर प्रत्येक बाजूला पाव इंच शिवण धरून ४.५ इंचांचा कापावा. दोन त्रिकोण जोडून तोच चौकोन करायचा असेल, तर मात्र ४ ७/८ इंचांचा चौकोन कापून कर्णावर दोन भाग करावे लागतात, कारण त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाशी सरळ आणि तिरकी अशा दोन्ही शिवणी येऊन पाव इंचाहून अधिक कापड खातात. कापडाचा पन्ना, म्हणजे रुंदी, ४४ इंच असला, तरी किनार सोडून ४२ इंचच धरावा, त्यात ४.५ इंचांचे ९ चौकोन बसतात, म्हणजे ७२ चौकोनांना ३६ इंच कापड लागते. मी नमुन्यावर एक मीटर लिहिते, कारण उरलेले तीनेक इंच सुती कापड धुऊन आटते त्यात जातात.

लेखन हा तिघांतला सर्वांत कमी पैसे देणारा आणि सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग ठरला. घर चालते ते वर्गांच्या शुल्कावर. नमुन्यांच्या विक्रीतून कापडाचा खर्च निघतो, आणि लेखांमुळे नव्या विद्यार्थिनी येतात, म्हणूनच त्याचा हिशेब जुळतो असे म्हणायचे. लेख लिहून झाला, की तो मी वर्गाला कधीही न आलेल्या एखाद्या बाईला देते, तिच्यासमोर बसते आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. हे गप्प बसणे फार कठीण असते. एका काकूंचा हात ‘कापडाची उलटी बाजू वर ठेवावी’ या वाक्याशीच थबकला, कारण त्यांच्या हातातल्या हातमागाच्या कापडाला उलटी-सुलटी अशी बाजूच नव्हती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नमुन्याची पहिली सूचना, एका बाजूला खडूने फुली करून घ्यावी, ही असते.

एका प्रदर्शनाच्या आयोजकांनी माझ्या आकृत्या न विचारता त्यांच्या पत्रकात छापल्या, तेव्हा कायद्याचाही अभ्यास करावा लागला. चौकटीत चौकट किंवा नऊ चौकोनांची मांडणी यांवर कुणाचीच मालकी नाही आणि तशी ती असूही नये; मी लिहिलेला मजकूर आणि काढलेल्या आकृत्या मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने माझ्या आहेत. वस्तूवर उतरणाऱ्या नव्या रचनेसाठी २००० चा डिझाइन कायदा आहे. त्याखाली नोंदवता येण्याजोगी रचना नोंदवली नाही आणि ती औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक वस्तूंवर उतरवली गेली, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. हाताने एकेक गोधडी शिवणारीला याची झळ क्वचितच लागते; छापील कापडासाठी रचना विकणाऱ्या मैत्रिणींना मात्र मी नोंदणी आधी करा, असे सांगते.

श्रेयाची बाजू मला कायद्याहून अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, त्या शिवणाऱ्या स्त्रियांच्या नावांसह. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. आपल्याकडे जुन्या गोधडीवर शिवणारीचे नाव क्वचितच सापडते. त्यामुळे कुणाकडून एखादी मांडणी शिकले, तर तिच्या संमतीने तिचे नाव, गाव आणि वर्ष मी नमुन्यावर लिहिते, आणि विद्यार्थिनींना गोधडीच्या मागे अशीच कापडी पट्टी शिवायला लावते. काही जणी नाव घालायला लाजतात. त्यांना मी निदान वर्ष तरी घालायला सांगते.

सध्या वर्गांच्या टिपणांचे पुस्तक करणे चालू आहे. मापे, कापडाची निवड आणि धावदोरा ही प्रकरणे पूर्ण झाली आहेत. धुण्याचे प्रकरण मागे ठेवले आहे, कारण सहा थरांची गोधडी किती वेळात वाळते, हे पुण्यातल्या गच्चीवर आणि गावच्या ओढ्याकाठी वेगवेगळे भरते. नवरात्रात घट बसण्याआधी गावी घरोघरी गोधड्या धुतल्या जातात, तेव्हा तिकडे जाऊन नोंदी घेईन आणि मगच ते लिहीन.