स्क्लेरोडर्मा आणि माझं स्टेम सेल प्रत्यारोपण

हिवाळ्यात माझी बोटं आधी पांढरी, मग निळी पडायची. नाशिकची थंडी आणि त्यात सकाळची शाळा, म्हणून घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढे बोटांची कातडी ताणली जाऊन चकाकायला लागली, मूठ वळेना, फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा कॉलेज रोडच्या फिजिशियननी रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या आणि तशा आजारांच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. रक्तात एससीएल-70 ही अँटिबॉडी सापडली, एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईच्या स्कॅनमध्ये, फुप्फुसांच्या तळाशी जाळी दिसली. निदान झालं सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे स्क्लेरोडर्मा. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते, कातडीत आणि आतल्या अवयवांत कोलॅजन साचत जातं आणि ते टणक होतात. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं. कातडी किंचित सैलावली, पण पीएफटीचा, म्हणजे फुप्फुसांच्या तपासणीचा आकडा दर वेळी खालीच येत होता.

याच काळात एका नातलगाने आग्रह केला म्हणून आम्ही स्टेम सेलच्या एका मोफत मार्गदर्शन शिबिराला गेलो. तिथल्या माणसाने माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. नाळेतल्या पेशींचे डोस सलाइनमधून देऊ, संधिवात, ल्युपस (हाही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार), स्क्लेरोडर्मा सगळ्यांना चालतात, आज बुकिंग केलंत तर सवलत, असं त्याचं म्हणणं. रक्कम लाखांत. माझे मिस्टर हिशेबाचे पक्के. त्यांनी शांतपणे विचारलं, "ही ट्रायल असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक द्या." तो मिळाला नाही.

हा प्रश्न त्यांना आमच्या डॉक्टरांनीच शिकवला होता. भारतात मान्यताप्राप्त आजारांसाठीचं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ट्रायल असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, ती नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते, आणि ट्रायलमधल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. मला त्या शिबिराचा आजही मनापासून राग येतो. हॉलमध्ये काठी टेकत आलेली माणसं होती, आणि त्यातली काही पावती फाडून गेली.

आमच्या डॉक्टरांनी माझ्यासाठी सुचवलेलं प्रत्यारोपण निराळं होतं. त्यात दुसऱ्याच्या पेशी नसतात. आपल्याच अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, रक्त घडवणाऱ्या स्टेम सेल काढून गोठवून ठेवतात, मग जबर केमो देऊन बिघडलेली प्रतिकारशक्ती मोडून काढतात आणि ठेवलेल्या पेशी परत देतात. रोगावर घाव घालते ती केमो. पेशींचं काम त्यानंतरचं, रक्त लवकर पुन्हा उभं करण्याचं. नव्याने घडलेली प्रतिकारशक्ती पुष्कळांच्या बाबतीत पुन्हा अंगावर उलटत नाही, निदान काही वर्षं तरी. दिंडोरीकडे आमच्या नानांची द्राक्षबाग आहे. ऐकून ते म्हणाले, "म्हणजे खरड छाटणीच की गं बाई. एप्रिलात सगळं कापायचं, नवी काडी येऊ द्यायची." मला डॉक्टरांच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा ते लवकर समजलं.

प्रत्यारोपण मुंबईला व्हायचं होतं. भारतातलं पहिलं बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जेचं, प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्याच टाटा मेमोरियलमध्ये झालं, तेव्हा हे शास्त्र आपल्याकडे काल आलेलं नाही. पंचवटी एक्सप्रेसने जायचं, तपासण्या करून संध्याकाळी परत. मला वाटलं होतं तपासण्या म्हणजे औपचारिकता. पण तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की तुम्हाला प्रत्यारोपणासाठी घ्यायचं की नाही हे त्या तपासण्याच ठरवणार.

त्यांनी आकडे लपवले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. युरोपातल्या अ‍ॅस्टिस या अभ्यासात 156 रुग्ण होते. त्यातल्या 79 जणांच्या वाट्याला प्रत्यारोपण आलं आणि त्यातले 8 जण पहिल्याच वर्षात उपचारापायी दगावले. पुढच्या वर्षांत मात्र प्रत्यारोपणवाल्यांचंच जगण्याचं प्रमाण सरस ठरलं. अमेरिकेतला स्कॉट हा अभ्यास 2018 मध्ये छापून आला, त्यात 75 जण होते. साडेचार वर्षांनी प्रत्यारोपण झालेल्यांपैकी 79 टक्के लोक हयात होते आणि त्यांचा एखादा मुख्य अवयव निकामी झालेला नव्हता. नुसती औषधं घेतलेल्यांत हे प्रमाण 50 टक्के होतं. "हे नाही केलं तर?" मिस्टरांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "त्यालाही धोका आहेच. फक्त तो हळू येतो."

स्क्लेरोडर्मात हृदयाचा स्नायू आतून टणक झालेला असू शकतो आणि साध्या टूडी इकोत ते निसटतं. तसं हृदय केमोसोबतच्या सलाइनचा भार झेलत नाही. म्हणून हृदयाचा एमआरआय झाला, मांडीतून नळी घालून उजव्या बाजूचे दाब मोजले. कातडीची तपासणी मात्र निव्वळ हाताने. डॉक्टर अंगावर 17 जागी चिमटीत कातडी धरून पाहतात आणि प्रत्येक जागेला शून्य ते तीन गुण देतात. माझ्या मनगटाची कातडी त्यांच्या चिमटीत येईचना. केमोने पाळी कायमची जाऊ शकते, हेही स्पष्ट सांगितलं. आम्हाला एक मुलगी आहे. तरी त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो.

विमा कंपनीने दावा नाकारला. स्टेम सेल उपचार पॉलिसीत होता, पण रक्ताच्या आजारांपुरता, आणि स्क्लेरोडर्मा रक्ताचा आजार नाही. शब्दाला धरून ते बरोबर होतं, पण माणसाला त्याचा उपयोग काय? शिक्षक पतसंस्थेचं कर्ज आणि नानांच्या बागेचे पैसे यांवर निभावलं.

पेशी काढण्याआधी केमोचा एक छोटा डोस आणि मग रोज पोटावर फिल्ग्रास्टिमची इंजेक्शनं. त्याने अस्थिमज्जा इतक्या वेगाने कामाला लागते की कंबर आणि छातीचं हाड ठणकतं. कूस बदलवत नव्हती. मग मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन ही नळी घालून यंत्राला जोडलं. रक्त एका नळीने बाहेर जातं, यंत्र त्यातल्या हव्या त्या पेशी फिरवून वेगळ्या काढतं आणि बाकीचं दुसऱ्या नळीने परत येतं. गुठळी होऊ नये म्हणून घातलेलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे ओठांना मुंग्या येतात. सिस्टरांनी आधीच बजावलं होतं, "मुंग्या आल्या की लगेच सांगायचं, ताई, सहन करत बसायचं नाही." वजनाच्या दर किलोमागे निदान 20 लाख पेशी लागतात. त्या मिळाल्या आणि द्रव नायट्रोजनमध्ये गेल्या.

मोठी केमो चार दिवसांची. मूत्राशय जपायला वेगळं औषध, लघवी मोजून लिहायची. सोबत सशांपासून बनवलेलं, प्रतिकारशक्तीच्या पेशी मारणारं एटीजी नावाचं औषध होतं. त्याने मला अशी हुडहुडी भरली की पलंग हलत होता. पेशी परत देण्याचा दिवस त्यामानाने अगदीच साधा. पिशवी कोमट पाण्यात वितळवतात आणि सलाइनसारखी लावतात. गोठवताना वापरलेल्या रसायनामुळे तोंडात लसणाची चव येते आणि खोलीभर तसाच वास सुटतो. दारातून मिस्टर म्हणाले, "फोडणी दिलीस की काय?" मी हसले, आणि मग रडलेही.

पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर गेल्या. तोंड आलं, ताप आला, केस गेले. मुलीशी फक्त व्हिडिओ कॉलवर बोलायचं. रोज सकाळी सिस्टर काउंटचा कागद आणायच्या आणि मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. एके दिवशी त्या दारातूनच म्हणाल्या, "वाढल्या हो ताई!" घरी निघताना रेल्वेची परवानगी नव्हती, म्हणून गाडी करून कसारा घाटातून आलो. त्यानंतर कित्येक महिने मास्क, उकळलेलं पाणी, गर्दी टाळणं. लहानपणीच्या लसींचा परिणामही पुसला जातो, त्यामुळे त्या पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागल्या.

आता मनगटाची कातडी चिमटीत येते. फुप्फुसांची घसरण थांबली आहे, पण गेलेली क्षमता परत आलेली नाही. वाकलेली दोन बोटं तशीच आहेत आणि थंडीत अजूनही पांढरी पडतात. शाळेत मी दुपारचं सत्र मागून घेतलंय. पूर्ण बरी झाले असं मी कुणाला सांगत नाही.

निफाड, सिन्नर, मालेगावहून फोन येतात. एकीला ल्युपस आहे. तिला मी जर्मनीतल्या एर्लांगेनबद्दल सांगते. तिथे रुग्णाच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) बदलून केलेला कार-टी उपचार 2021 पासून ल्युपसवर वापरून पाहताहेत. 2024 मध्ये त्यांनी 15 जणांचे निकाल छापले, त्यांत ल्युपससोबत स्क्लेरोडर्माचेही चौघे होते. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी बनवलेल्या कार-टीला 2023 मध्ये मंजुरी मिळाली, पण ती रक्ताच्या कॅन्सरसाठी. एका आईला मुलाच्या टाइप-1 मधुमेहाची काळजी आहे. स्टेम सेलपासून घडवलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे निकाल 2025 मध्ये आले. पूर्ण डोस घेतलेल्या 12 पैकी 10 जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं वर्षभराने बंद होती. पण त्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच ठेवावी लागतात, म्हणून लहान मुलाच्या बाबतीत घाई नको, हे मी तिला दोनदा सांगितलं. स्क्लेरोडर्मावाल्यांना मी एवढंच विचारते की शेवटची पीएफटी कधी केली आणि हृदयाचं काय काय तपासलं. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि लवकर दाखवा, कारण फुप्फुसं किंवा हृदय फार बिघडल्यावर हे प्रत्यारोपण करता येत नाही.