कबुतराच्या पंखातली ऊ

संक्रांत झाल्यावर आठवड्याभरात आमच्या गॅलरीत एक कबूतर येऊन पडलं, पायाला आणि एका पंखाला मांजा गुंडाळलेला. आईने त्याला जुन्या टॉवेलात धरलं आणि मी छोट्या कात्रीने एकेक वेढा कापत बसले, आणि पंख पसरून उजेडात धरला तर पिसाच्या तंतूंच्या मधल्या खाचेत एक करड्या रंगाची रेघ दिसली. घाण वाटली म्हणून नखाने काढायला गेले तर ती रेघ सरकली. आई म्हणाली, "उवा आहेत गं त्या, हात नीट धू."

हात धुतले, पण ती रेघ काही डोक्यातून गेली नाही. मग वाचायला लागले ते आजपर्यंत वाचतेच आहे.

आधी एक सांगते, या उवा आपल्या डोक्यात येत नाहीत. आपल्या उवा रक्त पितात, कबुतराच्या या उवा पिसं चावून खातात, आणि त्यांचं सगळं आयुष्य, अंड्यापासून मरेपर्यंत, पक्ष्याच्या अंगावरच जातं. पक्ष्यांवरच्या अशा चावणाऱ्या उवांच्या चार हजारांच्या आसपास जाती आहेत! मी पाहिली ती पंखातली ऊ, कोलंबिकोला तिचं नाव, दोन-अडीच मिलिमीटर लांब आणि काडीसारखी बारीक, कारण तिला दोन तंतूंच्या मधे आडवं पडून लपायचं असतं. त्याच कबुतराच्या छाती-पोटावरच्या मऊ पिसांत दुसरी जात राहते, ती बुटकी आणि गोल. खायचं दोघींचं एकच, मऊ पिसांचा बारीक भुगा, त्यामुळे पंखातलीला जेवायला अंगाकडे यावं लागतं.

आणि लपायचं कशापासून, तर चोचीपासून. आपण म्हणतो ना कबूतर पिसं नीट करत बसलंय, ते खरं तर उवा मारत बसलेलं असतं. वरच्या चोचीचं टोक खालच्यापेक्षा जरासं पुढे येऊन वाकलेलं असतं, एक-दोन मिलिमीटर फक्त. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेल क्लेटन आणि त्यांच्या टीमने काही कबुतरांचं तेवढंच टोक घासून काढलं (ते नखासारखं परत वाढतं), तर उवा भराभर वाढल्या. म्हणजे ते टोक म्हणजे कबुतराची फणीच.

त्याच विद्यापीठात सारा बुश यांच्या टीमने केलेला प्रयोग तर मी तीनदा वाचला. साध्या कबुतरांवरच्या उवा घेतल्या आणि पांढऱ्या, काळ्या, करड्या कबुतरांवर सोडल्या, आणि चार वर्षं, म्हणजे उवांच्या ६० पिढ्या, वाट बघितली. पांढऱ्यांवरच्या उवा फिकट होत गेल्या, काळ्यांवरच्या गडद. पण ज्या कबुतरांच्या चोचीत छोटी कडी बसवून पिसं साफ करता येणार नाहीत असं केलं होतं, त्यांच्यावरच्या उवांचा रंग बदललाच नाही. जी दिसते ती चोचीत सापडते, जी मिसळून जाते तिची पिलावळ वाढते. उत्क्रांती म्हटलं की लाखो वर्षं असं शाळेत डोक्यात बसलेलं, आणि इथे ती चार वर्षांत कबुतराच्या पंखावर.

उवांवरून पक्ष्यांची नाती पण लावतात, पण तिथे जपून राहावं लागतं. आपल्या ठाण्याच्या खाडीत येतात त्या फ्लेमिंगोंवर बदकांच्या उवांचे नातलग सापडतात, म्हणून फ्लेमिंगो बदकांच्या जवळचे असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. नंतर डीएनए तपासला तर जवळची निघाली टिबुकली, आणि उवा केव्हातरी एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर गेलेल्या.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया काँडर नावाचं प्रचंड गिधाड जंगलातून पूर्ण पकडून आणलं, जगात फक्त २७ उरले होते. पक्षी वाचवायचे म्हणून त्यांच्यावर कीटकनाशक मारलं आणि उवा काढून टाकल्या. काँडर वाचला, आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण फक्त त्याच्याच अंगावर राहणारी एक ऊ होती, कोल्पोसेफॅलम कॅलिफोर्निसी, ती त्यानंतर कुणाला दिसलेली नाही. उवा फार झाल्या तर पिसं विरळ होतात आणि पक्ष्याला अंग उबदार ठेवायला जास्त ताकद लागते, हे खरंच आहे, पण धडधाकट पक्षी चोचीने त्यांना आवरतो. मला तरी सरसकट सगळ्या उवा काढून टाकणं ही चूक वाटते. ती ऊही एक जातच होती ना, त्या गिधाडाइतकीच जुनी असेल, आणि ती गेली ते आपण तिला मोजलंच नाही म्हणून.

म्हणून जखमी पक्षी सोडवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. उवा मारायची पावडर टाकायची वेळ आलीच तर पक्ष्याखाली पांढरा कागद पसरा, पिसं हलकेच झाडा, आणि पडलेल्या उवा स्पिरिटच्या छोट्या बाटलीत ठेवा. पक्ष्याची जात, ठिकाण आणि तारीख चिठ्ठीवर लिहून आतच टाका, आणि लिहायचं पेन्सिलनेच, पेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळून जाते.