उडालेलं पाणी, उरलेलं मीठ

शनिवार, सकाळ

घरातली समुद्री माशांची आणि प्रवाळांची टाकी, ६० × ३० × ३५ सेंटिमीटर. पाणी काठापासून ४ सेंटिमीटर खाली. दगड आणि वाळू वजा केली तर साधारण ५० लिटर. उन्हाळ्यात वरून छोटा पंखा चालू असला की दिवसाला १ ते १.५ लिटर उडतं. मीठ तिथेच राहतं. तीन लिटर उडालं की ३५ ची सॅलिनिटी (खारेपणा, हजार भागांत किती मीठ) ३७ च्या पुढे जाते, आणि मग कुणीतरी तीन तांबे एकदम ओतून ती झटक्यात खाली आणतं. मासे एक वेळ सोसतात, प्रवाळ लगेच मिटून बसतात. ही चढउतार थांबवायला ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी थोडं थोडं आपोआप भरणारी जोडणी. त्यात गोडंच पाणी घालायचं. मिठाचं घातलं तर खारेपणा रोज वाढतच जाणार.

गोडं म्हणजे नळाचं नव्हे. घरच्या आरओचंही तसंच चालत नाही, कारण चव यावी म्हणून त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) अ‍ॅडजस्टर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मेंब्रेननंतर, पण अ‍ॅडजस्टर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधीच टी जोडून पाणी घ्यायचं, उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून काढायचं आणि टीडीएस मीटरवर शून्य पाहायचं. महिन्याला ३५-४० लिटर टॉप-ऑफ जातं. त्यातून आलेलं फॉस्फेट, सिलिकेट उडून जात नाही. काचेवर शेवाळ होऊन दिसतं.

शनिवार, दुपार

पंप कोणता, यावर आधी विचार. १२ व्होल्टचा स्वस्त बुडता पंप तासाला २४० लिटर फेकतो, म्हणजे पाच लिटरचा कॅन सव्वा मिनिटात रिकामा. पाण्याबरोबर वरखाली होऊन पंप चालू-बंद करणारा फ्लोट अडकला तर सावरायला वेळच नाही. शिवाय कॅनमधलं पाणी नळीच्या तोंडापेक्षा वर असेल तर पंप बंद झाल्यावरही सायफन चालू राहतो. नळीचं तोंड टाकीत बुडलेलं असेल तर उलटंही होतं: खारं पाणी कॅनमध्ये उतरतं. म्हणून पेरिस्टाल्टिक पंप, मिनिटाला १०० मिलिलिटरचा. त्याचे रोलर नळी चिमटून धरतात, त्यामुळे थांबल्यावर पाणी वाहत नाही. दिवसाचं पाणी पंधरा मिनिटांत भरून होतं. तरी नळीचं तोंड पाण्याच्या वर ३ सेंटिमीटर ठेवायचंच, कारण आतली सिलिकॉन नळी कधी ना कधी सैल पडते.

आरओच्या सुट्या भागांच्या दुकानात पाव इंची फ्लोट व्हॉल्व्ह मिळतो. तो बसवून कॅन उंचावर ठेवला की विजेचीही गरज नाही. मोह होतो. पण व्हॉल्व्ह चिकटला तर मध्ये दुसरं कुलूप नाही, आणि धातूची पिन असली तर खाऱ्या पाण्यात गंजतेच.

रविवार

जोडणी. दोन फ्लोट स्विच, १२ व्होल्टचे दोन रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच), तीन १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे), १ अँपिअरचा फ्यूज, १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. फ्लोट खाली असताना मल्टिमीटर वाजला पाहिजे. वर असताना वाजत असेल तर खालची क्लिप काढून फ्लोट उलटा घालायचा.

फ्लोटच्या दांड्यात चुंबकाने चालणारा रीड स्विच असतो, साधारण १० वॅटपर्यंतचा. मोटर थेट त्यावर चालवली तर ठिणगीने संपर्क चिकटतात आणि पंप थांबत नाही. रिलेची कॉइल मात्र ३० मिलिअँपिअरच घेते. दोन्ही कॉइलवर आणि मोटरवर एकेक डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे.

इथे हमखास होणारी चूक: दोन्ही फ्लोट मालिकेत जोडून एकच रिले लावायचा. मग तो रिलेच चिकटला तर दोन फ्लोट असून उपयोग शून्य. कामाच्या फ्लोटला एक रिले, दीड सेंटिमीटर वर बसवलेल्या सुरक्षेच्या फ्लोटला दुसरा, आणि दोघांचे संपर्क मालिकेत. सुरक्षेचा रिले एरवी सतत ओढलेला, म्हणजे चालू राहतो. त्याची वायर तुटली तर पंप बंदच पडतो, तेच हवं.

फ्लोट उघडा ठेवायचा नाही. गोगलगाय त्यावर चढून बसली की तिच्या वजनाने तो खाली राहतो आणि पंपाला वाटतं पाणी कमी आहे. ४० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा तुकडा, तळाशी ४ मिलिमीटरची चार-पाच भोकं, वर जाळी. लाटांनी रिले टकटक करायचा, तेही पाइपने थांबतं.

रविवार, रात्र

कॅन किती लिटरचा? टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे १.८ लिटर. पाच लिटर सगळे आत गेले तरी पाणी २.८ सेंटिमीटर चढेल, काठाच्या आत राहील, आणि सॅलिनिटी ३२ च्या आसपास थांबेल. वाईट, पण निस्तरता येतं. २० लिटरचा जार लावला तर तेरा लिटर फरशीवर, खाली एक्स्टेन्शन बोर्ड. चार दिवसांनी कॅन भरायचा कंटाळा परवडला. बोर्ड तरीही भिंतीवर, वायरला खाली झोळ देऊन.

आधी दोन दिवस बादलीत साध्या पाण्यावर चालवून पाहायचं. बोटाने दोन्ही फ्लोट आळीपाळीने उचलायचे. प्रत्येक वेळी पंप थांबला पाहिजे.

पुढचा रविवार

सॅलिनिटी ३४ वर. फ्लोट ठीक, वायर ठीक. कारण स्किमरच्या (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) कपात: फेस पातळ झाला की तो खारं पाणी बाहेर टाकतो, आणि टॉप-ऑफ त्या जागी गोडं भरत राहतं. पाणी बदलताना स्विच बंद करायचा विसरलं तरी हेच होतं. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ च्या द्रावणाने तपासून मगच मीठ वाढवायचं, तेही दिवसाला सॅलिनिटी अर्ध्या अंकाने चढेल इतकंच. सम्प (मुख्य टाकीखालची जोडटाकी) असलेल्यांना आणखी एक: वीज येताना सम्पमधली पातळी क्षणभर खाली जाते, म्हणून तिथे दहा मिनिटांचा डिले टायमर हवा.

फ्लोटच्या दांड्यावर आताच पांढरी पूड दिसते. महिन्यातून एकदा अर्धा तास व्हिनेगरमध्ये, मग गोड्या पाण्याने धुऊन परत.