खेळाडू नव्हते, की खेळवणारा?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्सला राहते म्हटलं, की अमेरिकन फुटबॉल बघणारी मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: आयोवा विद्यापीठाच्या संघाचा ऑफेन्स, म्हणजे चेंडू घेऊन गुण करणारी फळी, एवढा का ढेपाळला होता? सामना फिरवणारे खेळाडूच नव्हते, की खेळवणाऱ्याला, म्हणजे प्रशिक्षकाला, जमलं नाही? तुम्हीही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगते. खेळवणाऱ्याला जमलं नाही. खेळाडू नव्हते हे अर्धंच खरं, आणि ते का नव्हते हे कुणी विचारत नाही.

दुखापतींची बाजू आधी मांडते, कारण ती खोटी नाही. 2023 मध्ये टाइट एंड (समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा) ल्यूक लाची सप्टेंबरातच घोटा दुखावून बाहेर गेला. मिशिगनहून मोठ्या आशेने आणलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा) केड मॅकनमारा त्याच महिन्याच्या शेवटी गुडघ्याचं लिगामेंट तुटून बसला आणि ऑक्टोबरात दुसरा टाइट एंड एरिक ऑलही तसाच गेला. ज्या संघाचा सगळा खेळ टाइट एंडवर उभा, त्याचे दोन्ही खांब पडले. त्या वर्षी सामन्यामागे 15.4 गुण झाले आणि यार्डांच्या हिशेबात आम्ही देशात शेवटचे होतो. तरीही 10 सामने जिंकले! प्रशिक्षक फिल पार्करचा डिफेन्स (समोरच्याला रोखणारी फळी) आणि मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलरची लाथ, यांच्या जिवावर. आमच्या किनिक स्टेडियममध्ये त्याच्या पंटला (पुढे जाता येत नाही तेव्हा चेंडू लाथेने लांब टोलवणं) लोक मनापासून टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत.

पण हे दुखणं 2023 चं नव्हतंच. 2022 च्या पहिल्या सामन्यात साउथ डकोटा स्टेटला आम्ही 7–3 हरवलं, तेव्हा टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) एकही नव्हता. एक फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारणं) आणि डिफेन्सने मिळवलेल्या दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच शेवटच्या पट्ट्यात अडवणं): तीन, दोन आणि दोन गुण. त्या सामन्यातही काही रिसीव्हर (पास झेलणारे) जायबंदी होते, हे मान्य.

मग चार्ली जोन्सचं काय? 2021 मध्ये तो आमच्याकडे होता. समोरच्याने मारलेले पंट आणि किकऑफ झेलून पळत परत आणण्यात इतका तरबेज, की बिग टेनमध्ये, म्हणजे आमच्या विद्यापीठांच्या गटात, त्या कामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या हातात चेंडू आला की काय होतं, हे सगळ्या स्टेडियमला दिसत होतं. ऑफेन्सने मात्र वर्षभरात त्याला 21 झेल दिले. पुढच्या वर्षी तो परड्यूला गेला आणि तिथे त्याने 110 झेल घेतले, 1,361 यार्ड, 12 टचडाउन. हात तेच, पाय तेच. सामना फिरवणारा खेळाडू नव्हता म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. तो होता, त्याच्याकडे चेंडू जात नव्हता, म्हणून तो गेला.

ऑफेन्स चालवत होता ब्रायन फेरेंट्झ, 1999 पासून मुख्य प्रशिक्षक असलेल्या कर्क फेरेंट्झ यांचा मुलगा. त्यामुळे इथला वाद नुसता खेळाचा राहिला नाही. कर्क यांच्याबद्दल लोकांना घरच्या वडीलधाऱ्यासारखा आदर आहे, मलाही आहे, आणि मुलावर बोललं की वडिलांना लागेल म्हणून कितीतरी जण गप्प बसले. 2023 साठी ब्रायनच्या करारात सामन्यामागे 25 गुणांची अट घातली गेली. त्यात डिफेन्सने केलेले गुणही धरायचे होते! ऑफेन्सकडून अपेक्षाच किती उरली होती, ते यातून कळतं.

त्याच 2023 मधला मिनेसोटाविरुद्धचा सामना अजून कुणी विसरलेलं नाही. आमच्या कूपर डीजीनने पंट परत आणत टचडाउन केला, पण चेंडू उचलण्याआधी त्याने हात हलवला होता (ही चेंडू घेऊन पळणार नाही अशी खूण धरली जाते) म्हणून पंचांनी तो रद्द केला आणि आम्ही 12–10 हरलो. लोक आजही पंचांवर चिडतात. मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्या निर्णयानंतरही चेंडू आमच्याकडेच होता, मैदानाच्या जवळपास मध्यावर. थोडं पुढे सरकून फील्ड गोल मारला असता तरी जिंकलो असतो. पास गेला समोरच्याच्या हातात. नऊ दिवसांनी, संघाने आठपैकी सहा सामने जिंकलेले असताना, विद्यापीठाने ब्रायनचं हे शेवटचं वर्ष असल्याचं जाहीर केलं.

2024 मध्ये ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आला. चेंडू खेळात येण्याआधी खेळाडू जागा बदलू लागले, त्यामुळे समोरच्याला अंदाज बांधणं अवघड झालं. केलेब जॉन्सन, जो आदल्या वर्षी चेंडू घेऊन 463 यार्ड धावला होता, तोच 1,537 यार्ड धावला आणि 21 वेळा चेंडू घेऊन टचडाउनला पोचला. दुखापतीतून तो सावरला होता हे खरं, पण एवढा फरक नुसत्या तब्येतीने पडत नाही.

पासिंग मात्र 2024 मध्येही दुबळंच राहिलं. 2025 साठी क्वार्टरबॅक आणला तो मार्क ग्रोनोव्स्की, त्या 7–3 सामन्यात साउथ डकोटा स्टेटकडून खेळलेला. चांगले रिसीव्हर येणं याहून अवघड आहे. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा कॉलेज निवडताना तिथे चेंडू कुणाकडे जातो ते बघतो, आणि चार्ली जोन्सचे दोन्हीकडचे आकडे त्याला एका मिनिटात सापडतात.