पेडल नरम होतं, पण हवा नव्हती

जुन्या गाडीचं ब्रेक पेडल नरम झालं की कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: लाइनमध्ये हवा शिरलीय, काढून टाक. ब्रेक ऑइल बदलायला आलंच होतं, म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली. भावाला पेडलवर बसवलं, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) ज्या भागात पिस्टन एरवी पोचत नाही तिथे गंज साचलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की रबरी सील त्यावर घासून खराब होतं. लांबच्या मागच्या चाकापासून सुरू करून चारही चाकांवरचे निपल, म्हणजे हवा आणि ऑइल बाहेर काढायचे स्क्रू, मोकळे केले. कोऱ्या चहासारखं काळं ऑइल निघालं, मग नवं स्वच्छ डॉट ४ ब्रेक ऑइल यायला लागलं. बुडबुडा एकही नाही. पेडल मात्र जसंच्या तसं.

इथे बरेच जण पुन्हा ब्लीडिंग (हवा काढणं) करतात नाहीतर थेट मास्टर सिलिंडर बदलतात. मला आधी पेडलकडूनच उत्तर काढून घ्यायचं होतं. इंजिन बंद ठेवलं, पेडल मारून बूस्टरमधला (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) व्हॅक्यूम संपवला आणि थोडं थांबलो. पहिल्या दाबाला पाय खोल गेला, लगेच पुन्हा मारल्यावर पेडल वर आलं आणि टणक लागलं, स्पंजसारखं लवचीक नाही. दाबून धरलं तेव्हा हळूहळू खालीही बसलं नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरवरचा संशय बराच कमी झाला. मग हँडब्रेक घट्ट ओढून पेडल दाबलं, तर पहिल्याच दाबाला वर! हँडब्रेकने मागचे शू (आतून दाबून चाक थांबवणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमजवळ, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याजवळ, नेले होते. म्हणजे ऑइलचा पहिला दाब शू आणि ड्रममधली मोकळी जागा भरण्यातच संपत होता.

पुढच्या चाकांना अडण लावली, मागची बाजू स्टँडवर घेतली, हँडब्रेक सोडून ड्रम काढले. शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारे दोन्हीकडचे ॲडजस्टर गंजून जाम. आतली धूळ ब्रेक क्लीनरने ओली करूनच पुसली. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेलं तर घातक) असू शकतं, तिथे हवेचा फवारा मारायचा नाही. ॲडजस्टरचे आटे साफ केले, उष्णता सोसणारं ग्रीस लावलं. डाव्या-उजव्या बाजूचे आटे बऱ्याचदा उलट असतात, त्यामुळे एका वेळी एकच चाक उघडलेलं बरं. ड्रम हलकासा घासेपर्यंत शू बाहेर काढले, थोडे मागे घेतले, पेडल दाबून शू मध्यावर आणले आणि पुन्हा तपासलं. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. ती आधीच ताणली तर शू पूर्ण मागे बसत नाहीत आणि ॲडजस्टमेंट फसवी निघते.

रिकाम्या जागेत अगदी हळू चालवून पाहिली. पेडल पहिल्या दाबाला वरच धरतं. इंजिन सुरू करताना पाय ठेवलेला असेल तर ते किंचित खाली सरकतं; ते बूस्टरचं काम, त्याच्या मागे लागायचं नाही.