गौरीच्या दिवशी मेलेली ईव्ही आणि रात्रीचा तो टक् आवाज

गौरी यायच्या दिवशी सकाळी साडेसातला फोन आला. मी रत्नागिरीत ईव्हीच्या, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या, वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकलचं काम बघतो, गणपतीत आमच्याकडे मुंबई-ठाण्याच्या गाड्यांचे फोन सारखे चालूच असतात, पंक्चर, चार्जर बंद, उंदराने वायर कुरतडली, असलं सगळं. हा फोन वेगळा होता. ठाण्याचे एक गृहस्थ, गाव संगमेश्वर तालुक्यात आतल्या बाजूला. म्हणाले ॲपमध्ये बॅटरी ८१ टक्के दाखवतेय पण गाडी मेलीय, दार उघडत नाही, रिमोट चालत नाही, ॲपवर अनलॉक दाबलं की नुसतं गोल गोल फिरत बसतं, आणि आत्या संगमेश्वर रोड स्टेशनला तान्ह्या नातीला घेऊन उतरणार आहेत त्यांना आणायला जायचंय. मी म्हटलं सर आधी रिक्षा पाठवा, मी निघतो. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "मे महिन्यात पण इथेच असंच झालेलं हो, तेव्हा नवीन बॅटरी टाकलीय."

हे ऐकल्यावर मी जम्पर केबलबरोबर क्लॅम्प मीटर (तारेतला करंट मोजायचा) आणि स्कॅनरची (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचायचा) बॅगपण गाडीत टाकली. चार महिन्यांची बॅटरी, तेच अंगण, तोच प्रकार, आणि ठाण्यात मात्र एकदाही नाही. बॅटरीत दोष असता तर तो ठाण्यातपण दिसला असता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे कारण बऱ्याच लोकांना माहीत नसते. ईव्हीत दोन बॅटऱ्या असतात. एक खालची मोठी, जिच्यावर मोटर चालते आणि जिचे टक्के आपण बघतो, आणि दुसरी बॉनेटखाली साधी १२ व्होल्टची, पेट्रोल गाडीत असते तशीच. गाडी बंद केली की मोठी बॅटरी कॉन्टॅक्टर (म्हणजे विजेचा मोठा स्विच) उघडून बाकी गाडीपासून पूर्ण तोडली जाते, सेफ्टीसाठी. मग लॉक, रिमोट, कॉम्प्युटर सगळं त्या छोट्या बॅटरीवर. आणि कॉन्टॅक्टर परत जोडायलासुद्धा छोटीच लागते. म्हणजे छोटी मेली की मोठी ८१ टक्के असून उपयोग शून्य. काही गाड्या उभ्या असताना मोठ्या बॅटरीतून छोटीला अधूनमधून चार्ज देतात, या मॉडेलला ती सोय नव्हती.

पोचलो तर पाऊस रपारप. घर उतारावर, समोर कलमांची बाग, मागे डोंगर, अंगणात एका कडेला पत्र्याच्या पडवीत गाडी. रिमोटमधली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, बॉनेट उघडलं, मीटर लावला, ६.९ व्होल्ट. चांगली बॅटरी १२.६ दाखवते. म्हणजे पार रिकामी.

सरांनी मला ॲप दाखवलं, ८१ टक्के. मी त्याखालची बारीक ओळ दाखवली, शेवटचं अपडेट दोन दिवसांपूर्वी रात्री. ते म्हणाले म्हणजे हा आत्ताचा आकडा नाही? नाही ना. आपला फोन गाडीशी थेट बोलतच नाही. ॲप बोलतं कंपनीच्या सर्व्हरशी, सर्व्हर बोलतो मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमधून गाडीतल्या एका डब्याशी. गाडीने शेवटी जे कळवलं ते सर्व्हरवर पडून असतं आणि गाडी गप्प झाली तरी ॲप तेच दाखवत राहतं. माझं तर म्हणणं आहे की ती तारीख मोठ्या लाल अक्षरात दाखवली पाहिजे, माणूस त्या आकड्याच्या भरवशावर बाहेर पडतो.

तो डबा म्हणजे टीसीयू, आम्ही टी-बॉक्स म्हणतो. डॅशबोर्डच्या आत बसवलेला असतो, त्यात ४जी मोडेम, जीपीएस, आणि बोर्डवरच सोल्डर केलेलं ई-सिम. या सिमचा नंबर आपल्यासारखा १० आकडी नसतो, भारतात २०१८ पासून मशीनच्या सिमला १३ आकडी नंबर देतात. अँटेना बहुतेक छपरावरच्या शार्क फिनमध्ये. आणि तो डबा गाडीच्या आतल्या कॅन लाइनला, म्हणजे सगळे कॉम्प्युटर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांना, गेटवेमधून, म्हणजे मधल्या राखणदार कॉम्प्युटरमधून, जोडलेला. मध्ये गेटवे का, तर २०१५ ला अमेरिकेत चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलसेक या दोघांनी घरी बसून मोबाइल नेटवर्कवरून चालत्या जीपचा ताबा घेऊन दाखवला होता, १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर इंटरनेटकडची बाजू आणि ब्रेक-स्टिअरिंगची बाजू यांच्यात पहारा असलाच पाहिजे हे सगळ्यांना पटलं.

मी जम्प दिला, गाडी रेडीला आली (म्हणजे चालू झाली), डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोट्या बॅटरीला १४.३ व्होल्ट देऊ लागला. सर म्हणाले, चला झालं. नेहमी इथेच संपतं. मे महिन्यात ज्यांनी बघितली त्यांनीपण एवढंच केलं, वरून नवीन बॅटरी टाकून बिल लावलं आणि सांगितलं गाडी उभी राहिली म्हणून झालं, रोज चालवत जा. मला याचा फार राग येतो. चार दिवस गावी उभी राहिली म्हणून गाडी मरत असेल तर ती गाडीची चूक आहे, गिऱ्हाइकाची नाही, आणि कारण न शोधता पार्ट बदलणं हे काम नव्हे.

एवढ्यात सरांचे वडील ओटीवरून उतरून आले. देवरुख डेपोला ३१ वर्षं एसटी चालवलेला माणूस. म्हणाले, "बाळा, एक विचारू? मी रात्री ओटीवर झोपतो. ही गाडी रात्रभर जागी असते."

म्हटलं काका म्हणजे कशी?

"टक् वाजतं. मग जरा वेळ बारीक घूं आवाज. मग गप. परत थोड्या वेळाने टक्. पोरगा म्हणतो उंदीर असेल. उंदीर असा टायमाला वाजतो काय?"

खरं सांगतो, माझ्या हातातल्या स्कॅनरपेक्षा हे वाक्य मोठं होतं. टक् म्हणजे रिले (आपोआप चालू-बंद होणारा छोटा स्विच) आणि घूं म्हणजे कुठलातरी पंप नाहीतर पंखा. झोपलेल्या गाडीत यातलं काहीच वाजायला नको. मी ऑफिसला फोन करून सांगितलं आज मी इथेच.

आधी तासभर गाडी रेडीत ठेवून छोटी बॅटरी भरून घेतली. मग ताडपत्री बांधली, बॉनेट उघडं ठेवून त्याच्या लॅचमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून कट्कन बंद केलं, म्हणजे गाडीला वाटतं बॉनेट लागलंय. रिमोट जवळ असला की गाडी जागी राहते म्हणून वहिनींनी तो स्टीलच्या डब्यात घालून माजघरात नेऊन ठेवला. क्लॅम्प मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला अडकवला आणि गाडी लॉक केली. सुरुवातीला ६ अँपिअर, मग ४, मग २, एकेक कॉम्प्युटर झोपत जातो तसा आकडा पायरीपायरीने उतरतो. पंचविसाव्या मिनिटाला ०.०२ वर आला. २० मिलिअँपिअर, एकदम बरोबर, या हिशेबाने बॅटरी महिनाभर सहज टिकते. काका शेजारी खुर्ची टाकून बसलेले, म्हणाले आता बघ.

झोपल्यापासून अकराव्या मिनिटाला टक्. मीटरवर ४.१ अँपिअर. काका काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

चार मिनिटं तसंच, मग पायऱ्या उतरत परत ०.०२. परत बारा मिनिटांनी टक्. तासाला साधारण चार वेळा, दर वेळी चार मिनिटं, म्हणजे दर तासाला १ अँपिअर-अवरच्या वर आणि दिवसाला २५. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. पावणेदोन दिवसांत खेळ खलास, आणि ॲपवरची शेवटची वेळ बघितली तर हरतालिकेच्या रात्री गाडी लावल्यापासून हिशेब अगदी जुळत होता.

आता उठवतंय कोण? स्कॅनर लावून वेक-अपची नोंद काढली, प्रत्येक वेळी एकच नाव, टी-बॉक्स. मग टी-बॉक्सचा सिग्नल बघितला. मायनस ११८, मायनस १२१, मध्येच नेटवर्क नाही, मध्येच दुसराच टॉवर. उणे ८०-९० असेल तर झकास, १२० म्हणजे अगदी कडेला. डोंगराच्या दोन बाजूंना दोन टॉवर आणि हे घर नेमकं मधल्या खोबणीत. घरातली माणसंपण फोनवर बोलायला तुळशीपाशी जाऊन उभी राहत होती.

काय होत होतं ते मग लक्षात आलं. टी-बॉक्सला क्षणभर टॉवर मिळाला की तो नेटवर्कला रजिस्टर होतो. रजिस्टर झाला की त्याच्या सॉफ्टवेअरला वाटतं चला, सर्व्हरला खबर देऊ. खबर म्हणजे बॅटरी किती, दारं लागलीत का, टायरची हवा किती. ही माहिती त्याच्याकडे नसते, ती मागायला तो गेटवेला उठवतो, गेटवे बॅटरीच्या कॉम्प्युटरला, बॉडीच्या कॉम्प्युटरला, सगळं घर जागं. मग सर्व्हरशी कनेक्शन जुळवायचं, त्यात दोन्हीकडून सर्टिफिकेट तपासायच्या फेऱ्या असतात, आणि त्या पुऱ्या व्हायच्या आत टॉवर गेलेला. काम अर्धवट. थोड्या वेळाने टॉवर मिळाला की पुन्हा पहिल्यापासून. विचार करा, त्या मोडेमचा रेडिओ जास्तीत जास्त २०० मिलिवॉट ताकदीने बोलतो, पाव वॉटसुद्धा नाही, आणि त्याच्या एका अर्धवट निरोपासाठी ५० वॉटची गाडी जागी होत होती.

पण हा झाला माझा अंदाज, आणि अंदाजावर कंपनीला मेल केला तर उत्तर येतं बॅटरी तपासा. म्हणून दुपारी जेवण उरकून (काळ्या वाटाण्याचं सांबार होतं, दोनदा घेतलं) गाडी वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या सपाटीवर, शाळेपाशी नेली. तिथे सिग्नल मायनस ८७. गाडी झोपली, तासात एकदा उठली, वीस सेकंदात निरोप पोचवला आणि परत झोपली ती झोपलीच. मग तीच गाडी खाली पऱ्याजवळ (ओढ्यापाशी), जिथे कुठल्याच फोनला एक काडी येत नाही. तिथे पूर्ण तास एकदाही टक् नाही, कारण टॉवरच मिळत नाही तर रजिस्टर होण्याचा प्रश्नच नाही आणि बाकीच्यांना उठवायचं कारणच नाही. म्हणजे चांगली रेंज असेल तर ठीक, अजिबात नसेल तरी ठीक, येऊन जाऊन असेल तर मरण. मी तिन्ही ठिकाणचे मीटरचे व्हिडिओ काढले, वेळ दिसेल असे, आणि नोंदी सेव्ह केल्या. तोपर्यंत दिवेलागण झालेली.

घरी आल्यावर सरांना दोन रस्ते सांगितले, गाडी रोज सड्यावर लावा, नाहीतर मी टी-बॉक्सचा फ्यूज काढून ठेवतो, ठाण्याला गेल्यावर परत लावून घ्या. फ्यूज काढला तर ॲप चालणार नाही, स्क्रीनवरचा लाइव्ह ट्रॅफिक नाही, अपडेट येणार नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं, छपराजवळचं एसओएसचं बटण मेलेलं असेल, ते याच सिमवर चालतं. हे सांगणं माझं कामच आहे, नुसता फ्यूज उपटून जाणं बरोबर नाही. वहिनी म्हणाल्या पण मग गाडी चालेल ना? चालेल. मोटर, ब्रेक, एअरबॅग, चार्जिंग, यातलं काहीही नेटवर अवलंबून नाही. रिमोटसुद्धा चालेल, कारण तो गाडीशी थेट रेडिओने बोलतो, त्याला सर्व्हर लागत नाही.

काकांनी विचारलं, "म्हणजे ही एवढी टायमाला कोणाला कळवत होती?" मी सांगितलं कंपनीला. ते म्हणाले, "आम्हीपण डेपोला फोन करायचो, पण लागला नाही तर गाडी पुढे काढायचो."

कंपनीला त्या रात्रीच सगळं पाठवलं, तीन जागा, तीन आलेख, आणि साध्या शब्दांत लिहिलं की सलग काही वेळा निरोप अर्धवट राहिला तर डब्याने पुढचा प्रयत्न लांबवत न्यायला पाहिजे, आधी पंधरा मिनिटं, मग तास, मग सहा तास, आणि छोट्या बॅटरीचा व्होल्टेज एका मर्यादेखाली गेला तर कोणालाच उठवू नये. यात नवीन काही नाही, नेटवर्कवाले वर्षानुवर्षं असंच करतात. मागचं बॅटरीचं बिलपण जोडलं आणि ते परत मिळावं असं लिहिलं.

सरांनी फ्यूज काढायला सांगितलं. सकाळी सहाला काकांचाच फोन. "रात्रभर एकदापण वाजली नाही रे. मलाच झोप नाही लागली, वाट बघत होतो."

दिवाळीनंतर टी-बॉक्सचं अपडेट आलं. ठाण्यात घरच्या पार्किंगला रात्री आपोआप उतरलं, नवीन सॉफ्टवेअर बाजूच्या रिकाम्या कप्प्यात आधी पूर्ण लिहिलं जातं आणि तपासून मगच त्यावर उडी मारली जाते, म्हणून मध्ये नेट तुटलं तरी गाडी अडकत नाही. बॅटरीचे पैसे आले, थोडा पाठपुरावा करावा लागला. आणि पुढच्या मे मध्ये आंब्याला सगळे गावी आले तेव्हा मी सरांना सांगितलं यावेळी फ्यूज काढू नका, पडवीतच लावा, मला बघायचंय. सहा दिवस गाडी हलवली नाही. सातव्या दिवशी सकाळी काकांनी स्वतः बॉनेट उघडून, मी दिलेला साधा मीटर लावून मला फोटो पाठवला, एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलेला आणि मध्ये आकडा, १२.५.